लेख वाचून दाखवण्याआधी कडा पाहू द्या

प्रश्न : मी जुन्नरचा रहिवासी, वय ५२, एका पतसंस्थेत नोकरीला आहे. गेली १४ वर्षे सुट्टीच्या दिवशी मी बाहेरगावच्या लोकांना आमचा तालुका दाखवतो. सुरुवात मित्रांपासून झाली, मग मित्रांचे मित्र येऊ लागले, आता अनोळखी माणसांचेही फोन येतात. मी एक पैसा घेत नाही. चहापाणी बहुतेक वेळा माझ्याच खिशातून होते. गेल्या जुलैतल्या एका रविवारी पुण्याच्या २२ जणांना नाणेघाटात नेले होते. गुहेतला शिलालेख मी समजावून सांगत असताना निम्मे लोक फोटो काढायला कड्याकडे निघून गेले आणि उरलेल्यांपैकी एक बाई म्हणाल्या, ‘काका, थोडक्यात सांगा ना.’ त्या दिवसापासून मन उडाले आहे. मुलगा म्हणतो, पैसे घ्या, नाहीतर बंद करा. पैसे घेतले तर ही सेवा राहणार नाही, असे मला वाटते. पत्नीचे माहेर घाटाखालच्या मुरबाड तालुक्यातले. ती म्हणते, ‘साऱ्या जगाला नाणेघाट दाखवलात, मला एकदा तरी नेलेत का?’ मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न तीन आहेत, पण दुखणे एकच आहे आणि ते त्या बाईंच्या वाक्यापाशी येऊन थांबते. म्हणून आधी त्या वाक्याबद्दल बोलू. पत्र दुसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आले की कड्याकडे निघून गेलेल्यांत त्या बाई नव्हत्या. ओल्या कपड्यांनिशी, गर्दीने भरलेल्या गुहेत त्या तुमच्यासमोर उभ्या राहिल्या आणि ‘थोडक्यात सांगा’ म्हणाल्या, म्हणजे ‘सांगा’ असेच म्हणाल्या. तुम्हाला त्यातले ‘थोडक्यात’ तेवढे ऐकू आले. ज्याने १४ वर्षांचे रविवार या डोंगरांवर घालवले त्याला तो शब्द लागावा, यात नवल नाही. आपल्या मुलखाकडे कोणी पाठ फिरवली की ती घरच्या वडीलधाऱ्या माणसाकडे फिरवल्यासारखी वाटते. तरीही माझे मत असे आहे की त्या दिवशी तुमच्या २२ जणांत तुमचे ऐकण्याची खरी तयारी त्या बाईंचीच होती, आणि तुम्ही त्यांच्यावर रुसून बसला आहात.

नाणेघाटात मी दोनदा गेले आहे, एकदा जुलैत आणि एकदा जानेवारीत, आणि ती दोन निरनिराळी ठिकाणे आहेत असेच मी म्हणेन. जुलैत गुहेत शिरायला जागा नव्हती. बाहेर धुके, आत आडोशाला आलेली माणसे, कोणी भाजलेले कणीस खाते आहे, कोणी मोबाईल पुसते आहे. भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहायचे मलाही सुचले नाही, आणि मी तर ती अक्षरे पाहायचीच म्हणून गेले होते. जानेवारीतल्या एका मंगळवारी मात्र मैत्रीण आणि मी अशा आम्ही दोघीच होतो आणि भिंतीसमोर आमचा तासभर कधी गेला ते कळले नाही. तेव्हा तुमचे श्रोते उठून गेले यात त्यांचा जितका दोष आहे, तितकाच दोष त्या रविवारचा, त्या महिन्याचा आणि तो निवडणाऱ्याचा आहे. आषाढातल्या रविवारी नाणेघाटात येणारा माणूस कोकणातून वर चढणारे ढग पाहायला येतो, वाऱ्याच्या झोताने कड्यावरून उलटे उडणारे पाणी पाहायला येतो. ही ओढ हलकी नाही. ते ढग आणि तो वारा हाही तुमचाच मुलूख आहे, आणि शिलालेखापेक्षा कितीतरी जुना आहे.

मी तुमच्या जागी असते तर त्यांना आधी कड्यावर नेले असते. सुरक्षित अंतरावर उभे करून पाच मिनिटे काहीही बोलले नसते. मग खाली बोट दाखवून एवढेच सांगितले असते की ते पायथ्याचे वैशाखरे, त्यापलीकडे मुरबाड, त्यापलीकडे कल्याणचे बंदर. दोन हजार वर्षांपूर्वी जहाजांतून उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच खिंडीने वर चढत असे आणि जुन्नरच्या बाजारात येत असे. एवढे ऐकल्यावर माणूस आपण होऊन विचारतो, ‘मग इथे पहारा होता का? जकात कोण घेत होते?’ प्रश्न आला की गुहेकडे वळायचे. आधी डोळ्यांनी पाहणे, मग मनात प्रश्न येणे, आणि त्यानंतर तुमचे बोलणे, हा क्रम तुम्ही उलटा धरलेला दिसतो. तुम्ही उत्तरापासून सुरुवात करता आणि ऐकणाऱ्याला प्रश्नच पडलेला नसतो.

गुहेत आल्यावरही सगळे सांगू नका. तुम्हाला तो लेख जवळजवळ पाठ असेल असे पत्रावरून वाटते, आणि अडचण तिथेच आहे. सातवाहन घराण्यातल्या नागनिका राणीच्या त्या लेखात यज्ञांची नावे आहेत, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणे म्हणजे त्या काळची नाणी यांचे आकडे आहेत, देवतांना नमन आहे. सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. ज्याने तो कधी पाहिलेला नाही त्याला त्यातली एकच गोष्ट द्या. माझ्यावर सोपवले तर मी समोरच्या भिंतीपाशी थांबेन. तिथे एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज खाली केवळ पावलांच्या खुणा उरल्या आहेत आणि वर कोरलेली नावे आहेत : सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. पाहुण्यांना आधी पावले दाखवा. ‘ही कोणाची असतील?’ एवढे विचारून गप्प राहा. मग एकेक नाव ब्राह्मी अक्षरांवरून बोट न टेकवता वाचा. ‘महारठी’ हा शब्द ऐकला की मराठी माणसाचे कान टवकारतात, आणि तिथून पुढे तुम्हाला ‘ऐका’ असे सांगावे लागत नाही. बरोबर मुले असतील तर त्यांना आकडे शोधायला लावा. आपल्या देशातल्या कोरीव अंकचिन्हांत इथली चिन्हे फार जुनी गणली जातात, आणि शोधण्याचे काम मिळाले की मुले गुहेतून बाहेर पडायला तयार होत नाहीत. १८२८ साली सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचे या लेखाकडे लक्ष गेले, मग पंडितांच्या काही पिढ्या त्याच्या वाचनात खपल्या, हा सगळा इतिहास मोठा रंजक आहे. पण तो परतीच्या गाडीत सांगण्याजोगा आहे.

हे मी शहाणपणाने सांगते आहे असे समजू नका, फजितीने शिकले आहे. काही वर्षांपूर्वी परदेशात राहणारा माझा भाचा बायकामुलीला घेऊन कोल्हापूरला आला. माझे माहेर तिथले. एका दिवसात मी त्यांना अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, पन्हाळा आणि खिद्रापूरचा कोपेश्वर असे सारे दाखवले, आणि गाडीत बसल्या बसल्या शिलाहारांपासून शाहू महाराजांपर्यंत बोलत राहिले. रात्री जेवताना भाच्याच्या दहा वर्षांच्या मुलीला विचारले, काय आवडले? ती म्हणाली, गूळ करणारे काका. वाटेत गाडीत हवा भरायला थांबलो होतो, तेव्हा रस्त्याकडेच्या गुऱ्हाळात ती दहा मिनिटे काहिलीसमोर उभी राहिली होती, आणि तेवढाच वेळ मी तिच्याशी काही बोलत नव्हते. मला तेव्हा फार वाईट वाटले. पुढच्या भेटीत मात्र आम्ही दिवसभर एका गुऱ्हाळावर आणि संध्याकाळी एका देवळात गेलो, आणि देवळातल्या प्रत्येक खांबाबद्दल तिनेच मला विचारून भंडावून सोडले.

म्हणून यापुढे फोन आला की ‘कधी येताय’ याआधी तीन गोष्टी विचारा : कुठून येता, बरोबर कोण आहे, आणि काय काम करता. तुमच्या तालुक्यासारखा तालुका असताना हे विचारण्यात फार मोठा लाभ आहे, कारण जुन्नरच्या डोंगरांत बहुतेकांच्या ओळखीचे कोणीतरी कोरलेले आहे. कल्याणचे पाहुणे आले तर लेण्याद्रीच्या डोंगरात कल्याणच्या ‘हेरणिका’चा, म्हणजे सोनाराचा किंवा खजिनदाराचा मुलगा सुलसदत याने दिलेल्या चैत्यगृहाचा लेख दाखवा, त्यांच्या गावच्या माणसाने हा घाट चढून इथे दान दिले, हे कळल्यावर ते त्या ओळीसमोरून हलणार नाहीत. धान्याचे व्यापारी आले तर धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. परदेशी पाहुणे आले तर शिवनेरीवर पाण्याची टाकी देणारा ‘यवन’ इरिल त्यांची वाट पाहतो आहे. महाराजांच्या जन्माआधी सुमारे दीड हजार वर्षे एका परक्याने त्या डोंगरावर तहानलेल्यांची सोय करून ठेवली, ही गोष्ट तुम्ही कोणत्याही पाहुण्याला अभिमानाने सांगू शकता. १६७५ साली मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर जुन्नरला आला आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवले, हेही अशा वेळी आठवावे. जुन्नरला पाहुणे नवे नाहीत. या गावाचे सारे वैभव बाहेरून येणाऱ्यांच्या पावलांनी चढून आले.

आणि एक लेख तर केवळ तुम्हीच समजावून सांगावा असा आहे. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्याचा खर्च भागवायचा, अशी व्यवस्था जुन्नरच्या लेखांत नोंदलेली आहे. आठवड्याचे सहा दिवस तुम्ही ठेवींच्या पावत्या फाडता, त्यांवरचे व्याज मांडता. १८-१९ शतकांपूर्वीच्या ठेवीचा अर्थ पुण्याच्या एखाद्या प्राध्यापकापेक्षा तुमच्या तोंडून अधिक जिवंत होईल. तुमच्या पत्रात तुम्ही नोकरीचा उल्लेख एका शब्दात केला आहे, जणू तिचा या छंदाशी संबंध नाही. तो आहे, आणि तो पाहुण्यांनाही कळू द्या.

एका दिवसात दोनापेक्षा अधिक ठिकाणे घेऊ नका. शिवनेरी आणि लेण्याद्री, किंवा नाणेघाट आणि पूरचे कुकडेश्वर, किंवा तुळजा लेणी आणि नंतर बाजारपेठेत फेरफटका, एवढे पुष्कळ झाले. आकाशात रस असणारे असतील तर खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीकडे न्या. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या शेतांमधून पसरलेल्या आहेत, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सर्वांसाठी प्रदर्शन भरते. जेवण शक्यतो गावातल्या एखाद्या घरी सांगून ठेवा. मासवडीच्या नावाने शाकाहारी पाहुणा आधी दचकतो आणि मग रश्शात बुडवून तीन वड्या खातो, तेव्हा जी ओळख होते ती कोणत्याही भाषणाने होत नाही.

दंतकथांच्या बाबतीत तुमचा गोंधळ होत असेल असे मला वाटते, कारण पाहुणे फार वेळा तेवढ्याचसाठी कान देतात. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाची गोष्ट घ्या. त्यात जकातीची नाणी टाकत असत असे लोक सांगतात, आणि ते ऐकायला फार छान वाटते. ते जरूर सांगा, पण ‘असे लोक सांगतात’ हे शब्द गाळू नका. भिंतीवर काय कोरले आहे, अभ्यासकांनी त्यावरून काय ताडले आहे आणि गावात काय बोलले जाते, या तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवून सांगणारा माणूस ऐकणाऱ्याला अधिक विश्वासाचा वाटतो. शिवनेरीवर तर ही काळजी दुप्पट घ्यावी. १६३० साली महाराज तिथे जन्मले, एवढ्या एका सत्यात इतके बळ आहे की त्याला पदरच्या कल्पनांची जोड लागत नाही. उलट जन्मस्थानाचा हा किल्ला महाराजांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही, ही खरी गोष्ट फारच थोडे पाहुणे जाणून असतात. ती शिवाई देवीच्या देवळाजवळ हळू आवाजात सांगून पाहा.

‘बिबट्या दाखवता का’ असे विचारणाऱ्यांना मात्र स्पष्ट नकार द्या. ज्या शेतकऱ्याला उसाच्या फडाशेजारून रात्री पाण्याची पाळी धरायला जावे लागते, त्याच्या भीतीचा आपण खेळ करू नये. त्यांना या विषयाची खरीच आस्था असेल तर माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे एवढे सांगावे आणि तिथे आत जाण्याविषयीचे नियम वनखात्याकडे विचारायला लावावे.

आता पैशांबद्दल. मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे : पैसे घ्या, आणि बंदही करू नका. पैसे घेतले की सेवा संपते, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि तिने कित्येक गुणी माणसांची उमेद खचवली आहे. कीर्तनकार बिदागी घेतो, म्हणून त्याच्या कीर्तनातला भक्तिभाव उणा होत नाही. शाहीर मानधन घेतो, म्हणून पोवाडा खोटा ठरत नाही. तुम्ही १४ वर्षे जी रक्कम चहापाण्यावर आणि पेट्रोलवर घातली, ती तुमच्या घरातून गेलेली आहे, आणि तिच्याबद्दल तुमच्या पत्नीला किंवा मुलाला कोणी विचारले नव्हते. मोफत बोलावल्यामुळे तुमच्याकडे २२ माणसे येतात. आधी ठरवून, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन बोलावलेत तर आठ-दहा येतील, आणि ती मनापासून आलेली असतील. दहापेक्षा मोठा गट घेऊच नका. नाणेघाटाच्या कड्यावर, धुक्यात, निसरड्या दगडांवर एकट्या माणसाने २२ जणांवर लक्ष ठेवणे धोक्याचे आहे, आणि त्या रविवारी तुमच्या मनाशिवाय दुसरे काही दुखावले नाही, हे मोठे सुदैव समजा. पावसाळ्यातले शनिवार-रविवार तर सरळ सोडून द्या.

मिळालेल्या पैशांतला एक वाटा घाटघरसारख्या माथ्यावरच्या वस्त्यांत थेट जाईल असे पाहा. हिरडा गोळा करून आणि पावसावरचा भात पिकवून वर्ष काढणारी ही माणसे आहेत. जेवण त्यांच्याकडे सांगितले, एखादा तिथलाच तरुण वाटाड्या म्हणून बरोबर घेतला आणि त्याचे पैसे पाहुण्यांनी त्याच्याच हातात दिले, तर तो मुलूख दाखवण्याचा मान तुमच्याबरोबर त्यालाही मिळतो. सेवेची तहान उरलीच तर ती भागवण्याची जागा मी सुचवते : वर्षातले चार दिवस जुन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी राखून ठेवा आणि त्या मुलांकडून एक पैसाही घेऊ नका. तालुक्यातल्या कितीतरी मुलांनी लेण्याद्रीला गणपतीचे दर्शन घेतले असेल, पण गिरिजात्मजाचे देऊळ म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार आहे आणि त्या भल्यामोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही, हे त्यांना कोणी मान वर करून पाहायला लावलेले नसते.

दोन व्यवहाराच्या गोष्टी करून ठेवा. शिवनेरी, लेण्याद्री ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालची स्मारके आहेत. तिथे मोबदला घेऊन मार्गदर्शन करण्याआधी खात्याच्या कार्यालयात जाऊन परवान्याचे नियम विचारून घ्या. पतसंस्थेच्या सेवानियमांत बाहेरच्या उत्पन्नाबद्दल काय लिहिले आहे तेही पाहा आणि लेखी परवानगी मागा. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य सरकारने पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आहे, त्यामुळे तुमच्यासारख्या माणसाकडे कार्यालयातले लोक अनोळखी नजरेने पाहणार नाहीत अशी आशा आहे.

राहता राहिला तुमच्या पत्नीचा प्रश्न, आणि तो मी शेवटी घेतला तो क्षुल्लक म्हणून नव्हे. मुरबाड तालुक्यात वाढलेल्या मुलीने हा घाट लहानपणी खालून पाहिलेला असणार. नानाचा अंगठा म्हणून तुम्ही पाहुण्यांना जो सुळका दाखवता, तो त्यांच्या ओळखीचा दुसऱ्या बाजूने असेल, कदाचित दुसऱ्याच एखाद्या गोष्टीसह. त्यांच्या आजोळचे, चुलत घराण्यातले कोणी ही वाट चढून जुन्नरच्या बाजाराला आले असेल. हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही.

तेव्हा पावसाळा सरून हवा स्वच्छ झाली की कोणत्याही पाहुण्याशिवाय त्यांना घेऊन नाणेघाटात जा. रविवार टाळा, त्यासाठी एक रजा खर्च करा. सकाळी लवकर निघा, भाकरी आणि ठेचा घरून बांधून घ्या, आणि गुहेकडे न वळता आधी कड्यावर जाऊन बसा. खाली धुके विरळ होत जाईल तसतशी गावे दिसू लागतील. कोणते गाव कोणते, शाळेची वाट कुठली, जत्रा कुठे भरते, हे त्या दिवशी त्यांना दाखवू द्या.